बंद झालेल्या गाडीचे गुण गा

गाड्यांतला जाणकार म्हणून पंचक्रोशीत नाव कमवायचं असेल, तर शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीचं चुकूनही कौतुक करू नका. आज मिळते ती प्रत्येक गाडी 'पत्रा'. दरवाजावर टिचकी मारायची आणि आवाज कसाही आला तरी खिन्नपणे मान हलवायची. कंपनीने गाशा गुंडाळला की मात्र तीच गाडी 'अंडररेटेड'. शेव्हरोलेने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं. तेव्हापासून धुळे-जळगाव पट्ट्यात दोघांचे इतके चाहते निघालेत, की एवढे तेव्हा कुठे दडून बसले होते कोण जाणे.

सुरुवात फियाट पुंटोपासून करा. "स्टिअरिंग काय होतं, भो!" एवढं म्हणून थोडं थांबायचं. मग सांगायचं की तिचं 1.3 लिटर डिझेल इंजिन म्हणजे मूळ फियाटचंच, तेच मारुतीने स्विफ्टमध्ये घातलं. लोकांनी स्विफ्ट उचलली आणि पुंटोकडे ढुंकून पाहिलं नाही. लोकांना अक्कल नाही, हेही सांगा. तेव्हा तुमच्या दारात काय उभी राहिली असं कुणी विचारलंच, तर वडिलांवर ढकला. वडील अशाच वेळी कामाला येतात.

पुढे मारुतीची एस-क्रॉस. 2015 ची, 1.6 डिझेल, 120 पीएस, 320 न्यूटन-मीटर. आकडे तोंडपाठ हवेत. तोरणमाळच्या घाटात ती कशी चढली असती याचं वर्णन करा. 'असती' जरा हळू म्हणा. 2017 मध्ये नव्या चेहऱ्याची एस-क्रॉस आली तेव्हा ते इंजिन गायब होतं, कारण तुमच्यासारख्या सगळ्याच चाहत्यांनी ते मनोमन विकत घेतलं होतं.

शिव्या घालायला नॅनो आहेच. दोन सिलिंडर, 624 सीसी, इंजिन मागे, आणि सुरुवातीच्या मॉडेलला बाहेरून उघडणारी डिकीच नाही. हसा पोटभर. फक्त गल्लीतले निवृत्त गुरुजी तीच नॅनो घेऊन भाजीबाजारात एका दमात वळतात आणि तुमची एसयूव्ही चौकात अडकते, तेव्हा आरशात बघायचं टाळा.

मारुतीच्या व्हर्सा व्हॅनला मात्र हात लावू नका, ते प्रकरण अडचणीचं. 2001 साली बच्चन पिता-पुत्रांनी जाहिरात केली, तरी चालली नाही. 2010 मध्ये तिचाच साज उतरवून ईको आणली, आणि ती धो धो खपली. निराशा कुठली आणि दुर्लक्षित रत्न कुठलं, हे ठरवताना दोन्ही वेळा आपण चुकलो, असं कुणाच्या ध्यानात यायला नको.

खरी परीक्षा हिवाळ्यात, यावलकडच्या भरीत पार्टीत. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजताहेत, तुम्ही 320 न्यूटन-मीटरवर पोचलात, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतो, "मना शालकनी शे ना तीच गाडी, इकनी शे. बोल, कितलामा लेस?" म्हणजे मेव्हण्याची तीच गाडी विकायची आहे, बोल, कितीला घेतोस. घाबरू नका. जाणकाराला शोभेल असं विचारा: "ॲव्हरेज कितलं देस? पार्ट भेटतंस का? उद्या विकायला काढली तर कोण घेईन?" तरीही तो किल्ली पुढे करत असेल, तर मोबाइल कानाला लावून केळीच्या बागेत शिरा. आत रेंज नसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वांगी उतरेपर्यंत कुणी शोधायला येत नाही. बाहेर आलात की कडेच्या एखाद्याला हळूच विचारून घ्या, सीएनजी एर्टिगाला सध्या वेटिंग किती आहे.