आमच्याकडे पण होता एक डबा

साताऱ्यात टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरलंय म्हटल्यावर जायला तर हवंच. प्रवेश मोफत, हॉलमध्ये पंखे, आणि सुट्टीच्या दिवशी कासच्या रस्त्यावर गाडीत बसून राहण्यापेक्षा हे बरं. अडचण एकच आहे. आत गेल्यावर तिकिटं बघावी लागण्याचा धोका असतो. तो टाळून प्रदर्शनाचा पुरेपूर लाभ घ्यायचा तर थोडी तयारी लागते.

जायचं ते उद्घाटनालाच. त्या दिवशी चहा असतो आणि तिकिटांकडे पाठ करून बसायला खुर्च्या असतात. विशेष आवरणाचं प्रकाशन होतं, म्हणजे व्यासपीठावरचे सगळे एकेक पाकीट छातीशी धरून उभे राहतात आणि कुणीतरी ते उलटं धरलंय हे फोटोग्राफरला सांगावं लागतं. त्या पाकिटावरचा खास शिक्का त्या दिवसापुरताच असतो. म्हणून काही मंडळी हातात पाकिटं घेऊन टपालाच्या टेबलापुढे ताटकळत असतात. त्यांच्याजवळ जाऊन आवर्जून विचारा, "हे आता कुणाला पाठवायचं?" ते म्हणतील, "कुणालाच नाही." मग शेजारच्याकडे बघून हसा. एवढं केलंत की सोहळ्यात तुमचा सहभाग नोंदवला गेला.

येताना मोती चौकातून कंदी पेढे घ्या आणि ते हॉलमध्येच खा. नंतर प्रत्येक गोष्ट बोट टेकवूनच दाखवायची. चौकटीवर प्लास्टिक असतं, त्यामुळे तिकिटाला काही होत नाही. पुढच्या माणसाला मात्र महाराणी व्हिक्टोरियाच्या नाकावर सातारी तुपाचा ठसा दिसतो, आणि आपणही इतिहासात काही भर घातली याचं समाधान तुम्हाला मिळतं.

एका चौकटीत साधारण १६ पानं असतात. लग्नात आहेराच्या रांगेत सरकतो तसं न थांबता सरकत राहायचं. खालच्या ओळीसाठी वाकावं लागतं, सबब खालची ओळ नाहीच असं समजा. संग्राहकानं सगळ्यात चांगला माल तिथं लावला असेल तर तो त्याचा दोष.

आता मुख्य प्रश्न. तो एकच आहे आणि प्रत्येक चौकटीपाशी तोच विचारायचा: "याचे किती येतील?"

उत्तर देणारा भोळा असतो. तो गांधीजींच्या १९४८ सालच्या दहा रुपयांच्या तिकिटापासून सुरुवात करतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या १५ ऑगस्टला निघालेली ही मालिका, आणि चरखा चालवणाऱ्या माणसाची तिकिटं छापून आली स्वित्झर्लंडहून. ही गंमत सांगताना त्याचे डोळे चमकतात. तुमचे चमकू देऊ नका. तो पुढे म्हणेल की याच तिकिटावर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' असा शब्द छापलेले फक्त १०० नग होते. इथं मात्र कान टवकारा. मग १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाची गोष्ट येईल. ते लाल आणि निळ्या अशा दोन रंगांत, दोनदा छापायचे. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे गेले आणि राणीचं डोकं खाली आलं. आज ती चूक जगातल्या मोलाच्या तिकिटांत गणली जाते. यातून घ्यायचा बोध असा की खराब झालेलं सगळंच महाग असतं. घरी जाऊन फाटकी, कुरतडलेली, चहा सांडलेली तिकिटं वेगळी काढा. कुणी सांगितलं की वापरलेल्या साध्या तिकिटांना फारसं कुणी विचारत नाही, तर तो तुमच्याकडून स्वस्तात लाटायला टपलाय हे ओळखा. जाता जाता ७८६ नंबरची नोट घेता का, हेही विचारून ठेवावं.

इथंच ते वाक्य म्हणायचं: "आमच्या आजोबांकडे पण होता असा एक डबा." संग्राहक पुढे सरसावेल. "पाकिटं आहेत का हो? शिक्क्यांसकट?" त्याला पाकीट हवं असतं. पत्र कुठून निघालं, कुठं बदली झालं, कुठल्या तारखेला पोचलं, हे मागचेपुढचे शिक्के सांगतात, आणि नुसतं तिकीट कापून घेतलं की ती सगळी वाट पुसली जाते. त्याला शांतपणे सांगा की पाकिटं बंबात घातली. तिकिटं तेवढी हातानं फाडून घेतली आणि वहीत सेलोटेपनं चिकटवलीत, अगदी पक्की. तो भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभा राहील. वय झालेलं असतं.

सगळ्यात सांभाळायचं ते सिंध डाकच्या, म्हणजे सिंध प्रांतातल्या जुन्या तिकिटांच्या चौकटीपाशी. तिथले काका निवृत्त असतात आणि त्यांच्याकडे वेळ असतो. आशियातलं पहिलं टपाल तिकीट १८५२ सालचं, किंमत अर्धा आणा, हे ते आधी सांगतात. मग लाल लाखेच्या चकतीवर उठवलेलं तिकीट कसं तुकडे होऊन पडायचं, मग पांढऱ्या कागदावर बिनरंगी उठावाचं काढलं तर ते अंधाऱ्या कचेरीत दिसायचंच नाही, म्हणून शेवटी निळं आलं, आणि १८५४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं निघाल्यावर हे सगळंच कसं बंद पडलं. इथवर ऐकायला हरकत नाही. पुढे ते आवाज खाली आणून विचारतात, "काढलं कुणी ठाऊक आहे का? बार्टल फ्रिअरनं. आपल्या साताऱ्याचाच की ओ!"

फ्रिअर साताऱ्याच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज गेले, दत्तक कंपनीनं मानला नाही, राज्य खालसा झालं, आणि त्याचा कारभार बघायला हाच फ्रिअर राहिला. तिथून १८५० मध्ये तो सिंधला गेला. म्हणजे आशियातल्या पहिल्या तिकिटामागचा माणूस आधी इथं बसून आपलं राज्य कसं जातंय ते बघत, आणि मग चालवत होता. हे कळल्यावर सातारकर म्हणून मान ताठ करावी की खाली घालावी, हा पेच पडतो. तो आपल्या घरात आणायचा नसेल तर काकांना मधेच तोडा: "ते सगळं खरं, पण यातून फायदा काय?" काका गप्प होतात. हा उपाय सहसा चुकत नाही.

पोरं बरोबर असतील तर त्यांना लांब ठेवा. पोरं खालच्या ओळीपाशी आपोआप थांबतात आणि त्रिकोणी तिकीट का, असलं काहीतरी विचारतात. कर्मवीर भाऊरावांचं १९८८ सालचं तिकीट दिसलं की "हे आमच्या शाळेत आहेत" म्हणून ओरडतात. टपाल खात्याची स्पर्श नावाची शिष्यवृत्ती आहे, सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला ६००० रुपये, हे कळेपर्यंत त्यांना ओढत न्या. कळल्यावर मात्र छंद लावा. अल्बम आईनं करायचा, माहिती बाबांनी उतरवायची, पोरानं सही करायची.

२००६ मध्ये चंदनाच्या वासाचं तिकीट निघालं होतं. हे मोठ्यानं सांगितलंत की सगळी रांग प्लास्टिकला नाक लावून पुढे सरकते. करमणूक चांगली होते.

मग 'माय स्टॅम्प'चं टेबल गाठा. महर्षी कर्वे हयातीत टपाल तिकिटावर आले, १९५८ साली. त्यासाठी त्यांना विधवांच्या शिक्षणात आयुष्य घालवावं लागलं आणि वर शंभरी गाठावी लागली. तुम्हाला ओळखपत्र पुरतं. ३०० रुपयांत तुमच्या चेहऱ्याची १२ तिकिटं, म्हणून प्रदर्शनातली सर्वांत लांब रांग इथं असते. ती तिकिटं पत्राला लावायची नाहीत. पत्र लिहितंय कोण? स्टेटसला ठेवायची.

निघताना अभिप्रायाची वही पुढे येईल. "अतिशय स्तुत्य उपक्रम, असे कार्यक्रम वारंवार व्हावेत" असं लिहा आणि खाली हुद्द्यासकट नाव टाका. शेवटी पत्त्याच्या रकान्यात पिनकोड मागतील. पिनकोड १९७२ पासून चालू आहे, पण पाठ करायची एवढी घाई कसली? मागच्याला विचारा. त्यालाही येत नसेल तर दोघं मिळून मोबाईलवर शोधा. तोवर मागे रांग लागते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्रदर्शनाला काय गर्दी लोटलीय. आयोजकांना आपली तेवढीच मदत.