'मस्ट नॉट' म्हणजे 'नाही केलं तरी चालेल'? कोणी सांगितलं?

'इंग्रजी क्रियापदांचा बाऊ नको, हे चार नियम पाठ करा' असा एक मेसेज सध्या फिरतोय. भाचीने तो मला पाठवला आणि वर विचारलं, "मावशी, मग आम्ही शाळेत एवढं कशाला घोकलं?" तिची मुलाखत तोंडावर आली आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक नियम आधी घेते. म्हणे 'मस्ट' आणि 'हॅव टू' एकच, म्हणून 'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू' हेही एकच. होकारात दोन्ही जवळजवळ सारखे, हे कबूल. नकारात मात्र पार उलटं होतं. 'यू डोन्ट हॅव टू ड्राइव्ह' म्हणजे गाडी चालवायची सक्ती नाही, हवी तर चालव. 'यू मस्ट नॉट ड्राइव्ह' म्हणजे चालवायचीच नाही. पहिल्यात सक्ती उठते. दुसऱ्यात ती कायम राहते, फक्त न करण्याची होते. गुंगी आणणाऱ्या औषधाच्या कागदावर दुसरं वाक्य असलं आणि वाचणाऱ्याने हा मेसेज पाठ केलेला असला, तर? इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी असल्या शब्दांचे अर्थ पक्के करायला १९९७ साली 'आरएफसी २११९' हा खास दस्तऐवज काढला. त्यात 'मस्ट नॉट' म्हणजे संपूर्ण मनाई. ऐच्छिक गोष्टीसाठी 'मे' हा वेगळा शब्द आहे. यंत्रांना जोडणारी माणसंसुद्धा इथे गोंधळ परवडत नाही म्हणतात, आणि हे महाशय 'पाठ करा' म्हणतात!

दुसरा नियम: 'टू' लावा नाहीतर 'इंग', फरक नाही. 'स्टार्ट', 'बिगिन' यांच्यापुढे बहुतेकदा खरंच नाही. पण 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगारेट सोडली आणि 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे तो सिगारेट ओढायला थांबला. अभिनंदन कुणाचं करायचं?

तिसरा: 'वर्क्ड' आणि 'हॅव वर्क्ड' सारखेच. 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' म्हटलं की ऐकणारा समजतो, नोकरी सुटली. 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' म्हणणारा सहसा अजून तिथेच असतो. मुलाखतीत पुढचा प्रश्न यावरच येतो.

चौथा: 'यूज्ड टू' आणि 'ॲम यूज्ड टू' एकच. यावर वेळ घालवत नाही. 'आय यूज्ड टू वर्क नाइट्स' म्हणजे पूर्वी रात्रपाळी करायचे. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग नाइट्स' म्हणजे रात्रपाळीची सवय आहे. भाचीला रात्रपाळीबद्दल विचारलं, तर तिला यातलं दुसरं म्हणायचं आहे.