जाळे, भिंत आणि भीमेतील मासे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उजनी धरण आणि भीमेतील मासे या माझ्या लेखावर आपण मनापासून आणि परखडपणे लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मी सारा दोष धरणाच्या माथी मारला. मासे संपले ते बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांमुळे, कायदा कडक राबवला तर ते परत येतील, आणि अमेरिकेत तर धरणाच्या भिंतीखालीच ट्राउट मासा भरपूर सापडतो.

जाळ्यांविषयी आपण बरोबर आहात. वडाप नावाचे बारीक आसाचे जाळे लावून बोटुकलीसुद्धा, म्हणजे बोटाएवढी पिल्लेही, ओढून काढणाऱ्यांबद्दल मी लेखात एकच ओळ लिहिली, ती अपुरी होती. अंडी घालण्याच्या वयाला पोचण्याआधीच मासा बाजारात गेला, तर कोणतेही पाणी त्याला वाचवू शकत नाही.

परंतु ट्राउटचे उदाहरण आपल्या मताला आधार देत नाही, असे मला वाटते. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ साली पाणी अडवण्यास सुरुवात झाली. जलाशयाच्या खोल थरातून सुटणारे पाणी बाराही महिने थंड राहू लागले आणि त्या थंडाव्यात बाहेरून आणून सोडलेला इंद्रधनुषी ट्राउट चांगला रुजला. त्याच नदीचा मूळ रहिवासी असलेला हम्पबॅक चब हा मासा मात्र, त्याला अंडी घालण्यासाठी कोमट पाणी लागत असल्यामुळे, मुख्य प्रवाहात मागे पडत गेला. भिंतीखाली मासे भरपूर आहेत हे खरे, पण ते त्या नदीचे मासे नव्हेत.

आपल्याकडे वेगळ्या कारणांनी हेच घडले आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या संथ पाण्यात आज चिलापी उदंड आहे, कारण तिला वाहत्या पाण्याची गरजच नसते. उथळ काठावर खड्डा करून ती वीण घालते आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकेचा मासा. याउलट खडशी, म्हणजे आपला महसीर, पावसाळी लोंढ्याबरोबर वर चढतो आणि त्याला दगडगोट्यांचा तळ व खळाळते पाणी लागते. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून, आणि त्याच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द आपल्याच बोलीतून उचललेला आहे. ज्या मुळा-मुठेने जगाला हे नाव दिले, तिचेच मैलापाणी आज उजनीत येऊन साठते, याचे मला फार वाईट वाटते.

भिंतीच्या खालची स्थिती आपणही पाहिली असेल. उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खालच्या पातळीवर, जाते, त्यामुळे जून-जुलैचे पहिले लोंढे ही तूट भरण्यातच संपतात आणि पंढरपूरच्या बाजूला खरा पूर येतो तो बहुधा धरण भरल्यानंतर. म्हणजे ज्या आठवड्यांत माशाला पुराची चाहूल लागायला हवी, नेमके तेव्हाच नदी गप्प असते. एरवी सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी भीमेवरील औज बंधाऱ्यापर्यंत धरणातून पाण्याचे आवर्तन सोडले जाते, काही दिवस नदी वाहते आणि मग पात्रात डबकी उरतात. त्या डबक्यांत अडकलेला मासा जाळ्याशिवायही मरतो.

कायद्याचा उपयोग कोठे होतो, हेही ट्राउटच शिकवतो. माँटाना राज्याने १९७४ मध्ये वाहत्या नद्यांत हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेले ट्राउट सोडणे थांबवले, कारण सोडलेल्या माशांमुळे नदीतले रानटी ट्राउट कमी होत असल्याचे मॅडिसन नदीवर दिसून आले होते. नद्यांचा प्रवाह व अधिवास राखणे आणि मासेमारीवर मर्यादा घालणे यांवर तेथे भर दिला गेला, आणि तेथील मासे स्वतःच्या विणीवर टिकले. आपण मात्र दरवर्षी कटला-रोहूचे मत्स्यबीज जलाशयात सोडतो. मच्छीमारांच्या पोटासाठी ते आवश्यक आहे आणि त्याला माझा विरोध नाही. परंतु त्याने भीमेचा मासा परत येत नाही.

म्हणून माझी मागणी आपल्या मागणीला जोडूनच आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी विणीच्या आठवड्यांत मासेमारीची बंदी काटेकोर पाळावी, त्या काळात मच्छीमार कुटुंबांना निर्वाह भत्ता मिळावा, आणि त्याच आठवड्यांत येणाऱ्या पाण्यातील काही वाटा न अडवता नदीत वाहू द्यावा. जाळ्यांविषयीचा परिच्छेद मी मूळ लेखात विस्ताराने लिहून घालत आहे.