बळी तो कान पिळी, आणि बिचारा डार्विन

गेल्या आठवड्यात एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. कंपनीने एका झटक्यात बऱ्याच जणांना नारळ दिला, त्यात हाही. पंधरा वर्षं काढली होती त्याने तिथे. मी शिव्या घालायच्या तयारीत होते, तर हाच मला समजावायला लागला. "अगं, चालायचंच. सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट. डार्विनने सांगूनच ठेवलंय ना, बळी तो कान पिळी. निसर्गाचा नियम आहे."

नोकरी गेल्याचं वाईट वाटलंच. पण ती घालवणाऱ्यांची वकिली तो स्वतःच करत होता, आणि तीही डार्विनला साक्षीला उभं करून. हे मला काही केल्या पचेना. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मुळात तो शब्दप्रयोग डार्विनचा नाहीच. १८५९ साली त्याचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे पुस्तक आलं तेव्हा तो त्यात नव्हता. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्लिश तत्त्वज्ञाने तो १८६४ मध्ये वापरला. डार्विनने आपल्या पुस्तकात तो घेतला १८६९च्या पाचव्या आवृत्तीत, आणि तसं सुचवणारा होता वॉलेस. हा तोच निसर्गअभ्यासक वॉलेस, ज्याला नैसर्गिक निवडीची (परिस्थितीला जुळणारे तगतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते, ही) कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. त्याची तक्रार अशी की 'निवड' म्हटलं की लोकांना वाटतं, कुणीतरी निवडणारा बसलाय. निसर्गात तसा कुणी नसतो, तेव्हा शब्द बदला. तक्रार रास्त होती, पण रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला.

कारण 'फिट' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दंड फुगवलेला गडी येतो. खरं तर आपण रोज हा शब्द दुसऱ्या अर्थानेही वापरतो: झाकण फिट बसलं, चप्पल फिट होतेय. इथे हवा आहे तो हा अर्थ. मेक्सिकोत अंधाऱ्या गुहांमधल्या पाण्यात एक मासा राहतो. त्याचे भाईबंद बाहेर नदीत असतात, त्यांना चांगले डोळे आहेत. गुहेतल्या माशाच्या पिल्लात डोळा तयार व्हायला लागतो, मग विरतो आणि वरून कातडी येते. ठार आंधळा, पण तिथे फिट. पट्टकृमी तर त्याच्याही पुढे गेलेला. तोंड नाही, आतडं नाही, दुसऱ्याच्या आतड्यात पडून आयतं पचलेलं अन्न अंगाने शोषायचं. तगण्याच्या परीक्षेत तो पैकीच्या पैकी मार्क घेतो. त्याला बळी कसं म्हणायचं? कान पिळायला हात तरी हवेत.

(आपल्या मराठी शब्दानेही थोडा घोळ घातलाय. 'उत्क्रांती'तला 'उत्' वर जायला सांगतो, म्हणून आपण शिडी बघतो आणि वरच्या पायरीवर अर्थातच स्वतःला बसवतो. डार्विनने तर 'वरचा-खालचा असं म्हणायचं नाही' अशी नोंद स्वतःसाठी करून ठेवली होती. ती त्यालाही नेहमी पाळता आली नाही, ते सोडा.)

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या फेऱ्याची. डार्विनने १८३८ मध्ये माल्थस वाचला. माल्थस पशुपक्ष्यांचा अभ्यासक नव्हे, अर्थशास्त्री. माणसांची संख्या अन्नापेक्षा भराभर वाढते, हे त्याचं १७९८चं म्हणणं. तिथून डार्विनला धागा मिळाला. मार्क्सने १८६२ मध्ये एंगल्सला लिहिलेल्या पत्रात हे नेमकं टिपलंय: डार्विनला पशू आणि वनस्पतींमध्ये आपला इंग्लिश समाजच दिसतो, त्यातल्या श्रमविभागणी आणि स्पर्धेसकट. म्हणजे बाजारातली कल्पना रानात गेली आणि रानातून 'निसर्गाचा नियम' असा शिक्का मारून परत बाजारात आली. आपलाच आवाज डोंगरावर आपटून आला आणि आपण म्हणालो, बघा, डोंगरसुद्धा हेच म्हणतोय!

क्रोपोत्किन या रशियन विचारवंताला त्याच निसर्गात दुसरंच दिसलं. सायबेरियाच्या थंडीत त्याला आपसात लढणाऱ्यांपेक्षा एकमेकांना धरून हवामानाशी झगडणारे प्राणी जास्त दिसले. १९०२ मध्ये त्याने परस्पर साहाय्यावर पुस्तकच लिहिलं. तो अराजकवादी, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणारा होता, त्यालाही हवं ते दिसलं असेल. असो.

पण या शिक्क्याचं गांभीर्य कळायला कॅरी बक नावाच्या एका अमेरिकन मुलीची गोष्ट पुरे. डार्विनचा भाऊबंद गाल्टन, त्याने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द काढला: चांगल्या वाणाची पैदास वाढवायची, वाईटाची थांबवायची. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरीची सक्तीने नसबंदी करायला आठ विरुद्ध एक अशी मान्यता दिली. आई मंदबुद्धी, ही मंदबुद्धी, हिची तान्ही मुलगीही तशीच, म्हणून 'मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या' असं न्यायमूर्ती होम्सने निकालपत्रात लिहिलं. ती तान्ही व्हिव्हियन पुढे शाळेत गेली आणि गुणवंतांच्या यादीत आली. आठव्या वर्षी आजारपणात वारली.

तर मग निसर्ग एका बाजूला आणि संस्कृती दुसऱ्या बाजूला, अशी भिंत तरी आहे का? दुधाचंच घ्या. बाळाच्या पोटात लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली साखर फोडतं. दूध सुटलं की सस्तन प्राण्यांमध्ये ते ओसरतं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढ माणसांमध्येही ओसरतंच. पण जिथे माणसांनी गुरं पाळली आणि पिढ्यान्‌पिढ्या दूध प्यायले, तिथे काहींच्यात हे विकर मोठेपणीही चालू ठेवणारा जनुकीय बदल पसरला. उत्तर युरोपात एक बदल, पूर्व आफ्रिकेच्या गुराख्यांमध्ये वेगळेच. सगळं गेल्या दहा हजार वर्षांच्या आतबाहेरचं, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबाने काल-परवाचं. इथे आधी गोठा आला, मग जनुक. सवयीने शरीर बदललं. आता यातला निसर्ग किती आणि संस्कृती किती, ते कुणी वेगळं काढून दाखवावं.

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. (हो, त्यालाच. नोकरी गेलेल्या माणसाला पट्टकृमी ऐकवणारी मैत्रीण आहे मी.) तो बराच वेळ गप्प होता. मग मी विचारलं, "यादी कुणी केली रे?"

"म्हणजे?"

"कुणाला काढायचं, त्याची यादी. आपोआप तर झाली नसेल."

त्याने तीन नावं सांगितली. त्यातल्या एकाची सही त्याच्या पत्राखाली होती.