कापूर उकळत्या तेलात नको

लेखात दिलेली सांधेदुखीच्या मलमाची बाकी कृती ठीक, पण त्यातलं ‘तेल उकळत असतानाच कापूर घाला’ हे काही पटलं नाही. तापला की कापूर उडून जातो, शिवाय पेटही पटकन घेतो. आमच्याकडे नाशिकला आई निर्गुडीचा पाला तिळाच्या तेलात मंद आचेवर कढवते. मग त्या तेलात वात भिजवून बाजूला पेटवायची. तडतडली तर पाण्याचा अंश राहिलाय, मलमाला बुरशी धरणार. गाळलेल्या तेलात मधमाश्यांचं मेण, साधारण ५ भागांना १. थंडीत जरा कमीच, नाहीतर डबीतून बोटाला निघत नाही. कापूर सगळ्यात शेवटी, भांडं उतरवून कडेला मेण धरू लागलं की.

आणि २ वर्षांखालच्या मुलांना कापराचं काहीही लावू नये, हे लेखात यायलाच हवं होतं.