शांती करूक गेल्लंस मां?

सकाळी पडवीत चहा पीत होतो. आत टीव्हीवर युक्रेनची बातमी लागलेली. निवेदिका म्हणाली, रशियाची 'विशेष लष्करी मोहीम'. काकाने रिमोट उचलून टीव्हीच बंद केला. "मोहीम म्हणे! गडार चलले काय?"

२४ फेब्रुवारी २०२२ ला सैन्य घुसवलं आणि पुढच्याच महिन्यात कायदा केला, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. तिथे युद्धाला युद्ध म्हटल्यावर लोक आत गेले आहेत.

रशियाला हसणं सोपं आहे हो. आपल्या घरात काय झालं ते सांगतो.

१९८७ साली काका श्रीलंकेत गेला, भारताने पाठवलेल्या शांतिसेनेतून. आजीला त्यातलं 'शांती' तेवढं कळलं. आमच्याकडे शांत म्हणजे वास्तुशांत, नक्षत्रशांत. भटजी, होम, नारळ, जेवण. वाडीभर सांगत फिरायची, "माझो झील लंकेत शांती करूक गेलो हा." ऑक्टोबरात तीच शांतिसेना तिथल्या तमिळ बंडखोरांशी, लिट्टेशी लढायला लागली. नाव मात्र बदललं नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर अकराशेच्या वर जवान गेले होते. शांततेत!

काका त्याआधीच आला, पुण्याहून, रातराणीने, कुबड्यांवर. मी आठ वर्षांचा होतो. आजी खळ्यात उभी होती. रडली नाही. एवढंच विचारलं, "शांती करूक गेल्लंस मां? मगे पाय खंय ठेवन इलंस?"

हैदराबादेत १९४८ ला रणगाडे गेले, त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणायचं. कोरियात १९५० ला युद्ध पेटलं, लाखोंनी माणसं मेली, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या लेखी तीही 'पोलीस कारवाई'च. कारगिलला आपले ५२७ जवान गेले, तेव्हा आपण काय ऐकत होतो? 'युद्धसदृश परिस्थिती'. सदृश! त्या घरांत जाऊन हा शब्द उच्चारून दाखवा.

मान्य, सरकारला सगळंच उघड बोलता येत नाही, शत्रूही ऐकत असतो. पण आजी काय शत्रू होती?

आता कोणीतरी खाली लिहीलच, हा सैन्याचा अपमान आहे. अरे बाबा, सैन्य आमच्या पडवीत पाय काढून भिंतीला टेकवून बसलंय. मघाशी शेजारचा पोरगा त्या पायाला हात लावून बघत होता. म्हणाला, "आजोबा, लढाईत गेलो?" काका हसला. "नाय रे, शांतीत."

मी टाइप करतोय म्हटल्यावर ओरडला, माझं नाव घालू नको. नाही घातलं. पावसाने पायाचा पट्टा सडलाय, उद्या त्याला घेऊन कुडाळला जायचंय. सकाळची पहिली एसटी किती वाजता सुटते, कोणाला माहीत असेल तर सांगा.