तिला कंटाळा आलाय की ती नुसतीच पडली आहे?

कुत्र्याला कंटाळा आला की तो चप्पल फाडतो. मांजराला आला की ते सोफा फाडतं. माझ्या सात फुटी बोआ कन्स्ट्रिक्टरला, म्हणजे अजगरासारख्या पाळीव सापाला, कंटाळा आला की ती पडून राहते. आणि अगदी मजेत असली तरी पडूनच राहते. या दोन पडण्यांतला फरक ओळखणं हा माझा रोजचा पेपर, आणि पेपर तपासणारी बाई पापणीसुद्धा लववत नाही. तिला पापण्याच नाहीत.

गावाकडून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "दूध पिते का?" नाही पीत. नागपंचमीला चिरायचं-तळायचं नाही, एवढीच शिदोरी घेऊन निघालेल्या माणसाला ती फार लवकर संपते. दुसरा प्रश्न: "सरकार काही म्हणत नाही?" आपल्याकडचा अजगर घरात पाळायला गेलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा दारात उभा राहील, इथे इंग्लंडात बोआला परवाना लागत नाही. मात्र ती वीस-तीस वर्षं जगते. म्हणजे गृहकर्ज फिटेल, बाईसाहेब असतील.

सापाला कंटाळा किंवा ताण आला म्हटलं की लोक खेळणी शोधतात. मी थर्मामीटर शोधतो. तिच्या पेटीत एका टोकाला, जिथे ती अंग शेकते तिथला पृष्ठभाग ३२ अंशांच्या आसपास हवा, दुसरं टोक २५ च्या आसपास, आणि दमटपणा ६० ते ७० टक्के. लपायच्या जागा निदान दोन, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला. एकच ठेवली तर तिला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं. बहुतेक वेळा ती आडोसा निवडते, गारठून बसते, खाल्लेलं पचत नाही, आणि आपण म्हणतो, "रुसली वाटतं." लपायची जागा ऐसपैस नको, वेटोळं घातल्यावर भिंती अंगाला लागतील इतकी अडचणीची हवी. आपल्याला वन-बीएचकेत गुदमरतं, तिला तिथेच धीर येतो.

पेटी मात्र मोठी हवी. सापाला पूर्ण सरळ होता आलं पाहिजे, हे आता बरेच जाणकार मानतात. म्हणजे सात फुटांच्या सापाला आठ फूट लांब, तीन रुंद, तीन उंच. इंग्लंडातल्या हॉलमध्ये ही पेटी बसली की मग आपण कुठे बसायचं, हा प्रश्न आपला.

खरा छळ थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान राखणाऱ्या यंत्राच्या, त्या इवल्याशा सेन्सरचा. सिरॅमिक हीटरला पल्स (वीज तुटक-तुटक सोडणारा) थर्मोस्टॅट जोडायचा, त्याचा सेन्सर गरम टोकाला ठेवायचा, आणि बाईसाहेबांनी जाता-येता तो शेपटीने ओढत पाण्याच्या टबात नेऊन टाकायचा. थर्मोस्टॅटला वाटतं, अरे बापरे, केवढा गारठा! तो हीटर पेटवतच राहतो. म्हणून सेन्सरची वायर दर चार बोटांवर क्लिपने भिंतीला जखडायची, दुसऱ्या थर्मामीटरने रोज पडताळायचं आणि हीटरला जाळीचा पिंजरा घालायचाच. उघडा हीटर दिसला की साप त्याला प्रेमाने विळखा घालतो आणि भाजेपर्यंत सोडत नाही. ही अक्कल निसर्गाने का दिली नाही, ते निसर्गालाच विचारा. रानात आढ्याला हीटर टांगलेले नसतात, एवढंच मला सुचतं.

फांदीचंही तसंच. आठ किलोची बाई चढणार, तेव्हा फांदी तिच्या अंगाच्या सर्वात जाड भागाइतकी तरी जाड हवी, आणि ती पेटीच्या बाहेरून बोल्ट आणि मोठे वॉशर लावून आवळलेली हवी. नुसती टेकवून ठेवली तर ती पडते, आणि नेमकी रात्री तीनला पडते. शेजारी खालच्या मजल्यावर राहतात आणि त्यांना वर साप आहे हे सांगितलेलं नसतं.

एवढं झाल्यावर करमणुकीकडे वळावं. स्वस्तातला आणि माझ्या मते सर्वोत्तम उपाय म्हणजे कुरिअरचा पुठ्ठ्याचा खोका. टेप आणि स्टेपलच्या पिना काढायच्या (टेप खवल्यांना चिकटला तर सोडवताना दोघांचीही परीक्षा असते), आत चुरगळलेला कागद आणि औषध न फवारलेली सुकी पानं भरायची, बाजूला भोक पाडून ठेवून द्यायचं. एका वेळी नवी वस्तू एकच. जीभ लांब, संथ, वर-खाली फिरते आहे म्हणजे चौकशी चालू. मान इंग्रजी एससारखी आखडली, श्वास वाढला, जीभ थांबली, तर दार लावून घ्यावं आणि चहा टाकावा.

काचेच्या फटीला रात्ररात्र नाक घासणं मात्र चौकशी नव्हे. पुढचे खवले सोलवटतात. आधी तापमान पाहा, मग आडोसा, मग काचेचा खालचा भाग कागदाने झाका. कधीकधी कारण आपणच असतो. उत्साहाने सगळी पेटी घासून लखलखीत केली की तिचा स्वतःचा वास जातो आणि ती परक्याच्या घरात आल्यासारखी भिरभिरते. पेटीत अंथरलेल्या जुन्या भुश्श्याच्या दोन-तीन ओंजळी परत टाकाव्यात. दिवाळीच्या साफसफाईवर वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं.

जेवण तीन-चार आठवड्यांनी, एक गोठवलेला उंदीर. तो रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, उंदीर फुटतो आणि मग घरात ताण नेमका कुणाला, हे विचारावं लागत नाही. देण्याआधी तोच उंदीर चिमट्याने फांदीवरून, खोक्यावरून ओढत न्यायचा, म्हणजे वासाचा माग काढत ती यथासांग शिकार करते. त्या दिवशी आपला हात आत नको. तिच्या लेखी तोही मेन्यूतच. जेवणानंतर तीन दिवस उचलायचं नाही, नाहीतर ओकते. ओकलीच तर निदान दोन आठवडे उपास, मग छोटा घास. डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात यायची असली, तरी हात लावायचा नाही. एरवी आधी साप हाताळायच्या हुकाने (आकडीच्या काठीने) अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे आत्ता जेवण नाही हे तिला कळतं. आणि एवढ्या लांबीला घरात दुसरं माणूस हजर हवं. पाहुण्यांना फोटोसाठी गळ्यात घालून देऊ नये, पाहुणे कितीही नावडते असोत.

टबात तासभर बसली तर ठीक. दोन दिवस हललीच नाही तर उष्णता जास्त, हवा कोरडी, किंवा अंगावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. पाण्यात बारीक काळे ठिपके तरंगताना दिसले की सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा. म्हणून टब रोज घासायचा. घासला, स्वच्छ पाणी भरलं, काच पुसली, की फांदीवरून हळूच जीभ बाहेर येते. बाईसाहेब उतरतात, सात फूट अंग शांतपणे पाण्यात सोडतात, शेपूट किंचित वर होते, आणि महिनाभराचा ऐवज त्या ताज्या पाण्यात जमा होतो. आज तिला अजिबात ताण नाही. मी पुन्हा घासणी शोधतो.